सर्वांना माया देणारे साने गुरुजी आणि न दिसणारे दुःख

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे झाला. घरची गरिबी, शिक्षणासाठी गावोगाव वणवण. १९१७ मध्ये आई गेली, तेव्हा ते तिच्याजवळ नव्हते. ही सल त्यांच्या मनात कायम राहिली.

१९२४ मध्ये ते अमळनेरला शिक्षक झाले. वसतिगृहातील मुलांचे कपडे धुण्यापासून आजारपणातील सेवेपर्यंत सारे ते करीत. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनी लिहून घेतली, तर १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली.

मुरुम, उमरगा भागातील वारकरी आषाढीला पंढरपूरला जातात. तेथील विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी १ मे १९४७ पासून दहा दिवस उपोषण केले आणि मंदिर खुले झाले. पुढच्याच वर्षी गांधीजींची हत्या झाली. त्या धक्क्याने त्यांनी २१ दिवस उपवास केला. तरीही काम थांबले नाही. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. ११ जून १९५० रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, आत्महत्येने त्यांचा मृत्यू झाला.

त्यांना नेमका कोणता आजार होता, हे आज कोणी ठरवू शकत नाही. आत्महत्येमागे एकच कारण क्वचितच असते. हळवेपणा म्हणजे आजार नव्हे, आणि आत्महत्या म्हणजे त्यागही नव्हे. मात्र जो माणूस लिहितो, काम करतो, इतरांना धीर देतो, तो आतून ठीकच असेल असे धरून चालता येत नाही, हे या आयुष्याकडे पाहून कळते.

त्या काळी नैराश्यावर आजच्यासारखी औषधे नव्हती. अशी पहिली औषधे १९५७ च्या सुमारास पुढे आली. आत्महत्येचा प्रयत्न कायद्याने गुन्हा होता, त्यामुळे बोलायचीही भीती. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने हे चित्र बदलले. असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे आता गृहीत धरले जाते आणि तिला उपचार देणे ही शासनाची जबाबदारी मानली जाते.

दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असणे, कशातच गोडी न वाटणे, झोप व भूक बिघडणे, सतत थकवा, स्वतःला दोष देणे, ही नैराश्याची लक्षणे आहेत. ‘मी सर्वांना ओझे झालो’ असे कोणी म्हणाले, तर विषय बदलू नका. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळे होते. अशा माणसाला एकटे सोडू नका, डॉक्टरांकडे न्या.

औषधे आणि समुपदेशनाने बहुतेकांना आराम पडतो. औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून ते मनाने बंद करू नये. मुरुम परिसरातील रुग्णांनी जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवावे. तेथून धाराशिवला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवता येते. घरबसल्या बोलायचे असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो. मराठीतही बोलता येते.