कोसंबींचे विस्मृतीत गेलेले गणित

प्राचीन भारताचे इतिहासकार म्हणून दामोदर धर्मानंद कोसंबी मराठी वाचकांस परिचित आहेत. मात्र रडार, ध्वनी व प्रतिमा यांतील संकेतांचे पृथक्करण करणाऱ्या शास्त्राला त्यांनी दिलेली देणगी अभ्यासकांच्या वर्तुळाबाहेर फारशी ज्ञात नाही.

३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात जन्मलेले कोसंबी बौद्ध पंडित धर्मानंद यांचे पुत्र. १९१८ मध्ये ते वडिलांसमवेत अमेरिकेस गेले आणि १९२९ मध्ये हार्वर्डचे पदवीधर झाले. बनारस व अलिगढ येथे अध्यापन करून ते १९३३ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले.

तो काळ धामधुमीचा होता. १९४२ च्या आंदोलनानंतर पंडित नेहरू प्रभृती नेते अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) किल्ल्यात बंदिवान होते. तेथे नेहरूंनी लिहिलेल्या भारतविषयक ग्रंथाची कठोर चिकित्सा पुढे १९४६ मध्ये कोसंबींनीच केली. नेते बंदिवासात असतानाच, १९४३ मध्ये, इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात कोसंबींचा एक छोटेखानी शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

कोणताही संकेत ठरावीक वारंवारितेच्या लहरींत विभागण्याची फूरिये यांची रीत जुनी आहे. परंतु वटवाघळाची हाक किंवा रडारचा स्पंद यांची वारंवारिता क्षणाक्षणाला बदलते. असा संकेत स्थिर लहरींत बसवायचा तर त्यांची संख्या फार वाढते. कोसंबींनी मांडलेली दिशा वेगळी होती. निरनिराळ्या क्षणांची मूल्ये परस्परांशी कशी निगडित आहेत, हे आधी पाहावे आणि त्या संबंधातूनच मूळ आकार शोधावेत. असे मोजकेच आकार संकेताचा बहुतांश आशय सामावून घेतात. गोंगाटातून क्षीण संकेत वेगळा काढणेही त्यामुळे सुकर होते. मोबाइलमधील छायाचित्रे लहान जागेत साठवणारी जेपेग पद्धत याच गणिताच्या सोप्या रूपावर आधारलेली आहे.

त्या भारतीय नियतकालिकाकडे परदेशी अभ्यासकांचे लक्ष गेले नाही. पुढच्या काही वर्षांत फिनलंडचे कारी कारहुनेन व फ्रेंच गणितज्ञ मिशेल लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे तोच सिद्धांत मांडला आणि तो त्यांच्याच नावे रूढ झाला.

मोजमापातून अर्थ शोधण्याची हीच दृष्टी कोसंबींनी इतिहासातही वापरली. हजारो प्राचीन नाणी काट्यावर तोलून, वापराने झालेल्या झिजेवरून त्यांनी नाण्यांचा कालक्रम लावला. होमी भाभांच्या निमंत्रणावरून ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. त्यासाठी ते पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईस ये-जा करीत. रीमान यांच्या प्रसिद्ध गृहीतकाविषयीचा त्यांचा दावा गणितज्ञांच्या कसोटीस उतरला नाही, त्याने प्रतिष्ठेस धक्का बसला. १९६२ मध्ये संस्थेशी असलेला त्यांचा संबंध संपला आणि २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

आज काही ग्रंथांतून हा सिद्धांत कोसंबी-कारहुनेन-लोएव्ह या नावाने दिला जातो. १९४३ च्या त्या निबंधाला मिळालेला हा न्याय उशिराचा आहे, आणि अद्याप सर्वत्र पोहोचलेला नाही.