कर्मवीर भाऊराव पाटील : एका पंगतीतून उभे राहिलेले महाविद्यालय

निवासी शाळेची स्मरणिका सिद्ध होत असताना, ज्यांनी वसतिगृह हीच शाळेची पहिली इमारत मानली, त्या कर्मवीर भाऊराव पाटलांचे चरित्र तीत असावे, असे आम्हांस अगत्याने वाटले. भाऊरावांच्या शाळांची संख्या सर्वांना ठाऊक असते. त्या शाळांच्या मागे उभे असलेले जेवणघर मात्र पुष्कळांच्या नजरेतून सुटते. आम्ही स्वतः वसतिगृहात वाढलो, तेथील पंगतीत बसून लहानाचे मोठे झालो. म्हणून या चरित्राकडे आम्ही त्या जेवणघराच्या दारातून पाहणार आहोत.

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूर भागातील कुंभोज या गावी, आजोळी झाला. घराणे ऐतवडे बुद्रुकचे, जैन, शेतकरी. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात नोकरीस होते. शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापुरास गेले. राजाराम हायस्कूलमध्ये नाव घातले आणि राहण्याची सोय जैन बोर्डिंगात झाली. अभ्यासात त्यांची गती बेताची होती, हे त्यांच्या चरित्रकारांनीही लपविलेले नाही. कुस्ती आणि पोहणे यांत मात्र ते रमत. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी कोल्हापुरात मिस क्लार्क बोर्डिंग निघाले, तेव्हा त्या समारंभास भाऊराव हजर राहिले. परत आल्यावर त्यांना स्नान करून शुद्ध व्हावयास सांगण्यात आले. त्यांनी साफ नकार दिला आणि बोर्डिंगातून त्यांची हकालपट्टी झाली. पुढे राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने ते कोल्हापुरात राहिले. ज्याने आयुष्यभर वसतिगृहे काढली, त्याच्या विद्यार्थिदशेत वसतिगृहाचे दार असे बंद झाले होते, ही गोष्ट आम्हांला विसरता येत नाही.

याच प्रसंगाला एक उत्तरार्ध आहे. त्या बोर्डिंगचे अधीक्षक अण्णासाहेब लठ्ठे होते. 1914 साली कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण उद्भवले. त्यात लठ्ठ्यांना गोवता यावे म्हणून भाऊरावांनी खोटी साक्ष द्यावी, असा त्यांच्यावर दबाव आला. त्यांनी ती दिली नाही. तुरुंगवास भोगला, हाल सोसले, पण ज्यांच्या बोर्डिंगातून आपण बाहेर पडलो त्यांच्याविरुद्ध असत्य बोलण्यास ते तयार झाले नाहीत. त्यांच्या पुढील कार्याची मोजदाद करण्याआधी वाचकांनी हे एवढे ध्यानात ठेवावे.

दुधगावला सोबत्यांसह काढलेला विद्यार्थी आश्रम हा त्यांच्या शैक्षणिक कार्याचा आरंभ. याच काळातील ज्ञानदेव घोलपांची हकीकत आमच्या समाजाला विशेष जवळची आहे. इस्लामपूरच्या शाळेत एक अस्पृश्य मुलगा वर्गाबाहेर बसून शिकत असलेला भाऊरावांनी पाहिला. त्याला ते कोल्हापुरास घेऊन आले आणि मिस क्लार्क बोर्डिंगात त्याची सोय लावली. तो मुलगा पुढे मुंबई कायदे कौन्सिलचा सभासद झाला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मूकनायक पत्राची धुराही त्याने काही काळ वाहिली. वर्गाबाहेरचा मुलगा वर्गात यावयाचा तर त्याला आधी निवारा आणि भाकर लागते, हे भाऊराव या उदाहरणातून शिकले असावेत, असा आमचा तर्क आहे.

पोटासाठी त्यांनी ओगल्यांच्या कारखान्याची काच विकली, किर्लोस्करांचे नांगर विकले. गावोगाव हिंडण्याच्या या धंद्याने त्यांना खेडे दाखविले. नांगर घेणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा चौथीनंतर कुठे जातो, हा प्रश्न त्यांच्यासमोर रोज उभा राहत असे. सत्यशोधक विचारांचे संस्कार होतेच. 4 ऑक्टोबर 1919 रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. वटवृक्ष हे संस्थेचे बोधचिन्ह झाले.

1924 साली संस्थेचे ठाणे साताऱ्यास हलले आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशा सर्वांची मुले एकत्र राहू लागली. स्वयंपाक त्यांनीच करावयाचा, पाणी त्यांनीच भरावयाचे, दळण त्यांनीच दळावयाचे आणि एका ओळीत बसून जेवावयाचे. आज हे वाचताना विशेष वाटत नाही. त्या काळी मात्र मुलाला असे जेवू घालणे म्हणजे त्याच्या घरच्यांना भावकीत जाब द्यावा लागणे. कित्येक पालक आपल्या मुलांना परत नेण्यास आले असतील. तरी पंगत मोडली नाही. 25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधींनी या वसतिगृहास भेट दिली आणि छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे त्याचे नामकरण केले.

या पंगतीचा खर्च कोणी सोसला, हे सांगितल्यावाचून पुढे जाणे कृतघ्नपणाचे होईल. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सधन घरातील होत्या. नवऱ्याच्या घरी आलेल्या परजातीच्या मुलांशी कसे वागावे, हा प्रश्न त्यांच्याही मनात प्रथम उभा राहिला असेलच. पण त्या मुलांच्या आई झाल्या. बोर्डिंगात धान्य सरले की एकेक दागिना बाजारात जाई. अखेरीस मंगळसूत्रही मोडले गेले. 1930 साली त्या निवर्तल्या. भाऊरावांच्या नावाने संस्था आहेत, पुतळे आहेत. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला त्या मानाने फार थोडे आले, असे आमचे स्पष्ट मत आहे.

1932 साली पुणे करारानंतर पुण्यात युनियन बोर्डिंग निघाले. खेड्यांतील शाळांना शिक्षक हवेत म्हणून 1935 साली साताऱ्यास अध्यापक विद्यालय उघडले. 1940 साली महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. तेथील विद्यार्थी फी देत नसत, श्रम देत असत. आणि 1947 च्या जूनमध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभे राहिले.

कमवा आणि शिका हे या महाविद्यालयाचे सूत्र. विद्यार्थ्याने सकाळी शेतात किंवा बांधकामावर काम करावयाचे, नंतर तासांना बसावयाचे. त्यांनी खडी फोडली, विहिरी खणल्या, शेती पिकविली. शेक्सपिअर शिकणाऱ्या मुलाच्या हाताला घट्टे असत. उच्च शिक्षण घेतलेला मुलगा औताला हात लावीनासा होतो, ही खेड्यातील जुनी तक्रार होती. तिला भाऊरावांनी भाषणाने नव्हे, वेळापत्रकाने उत्तर दिले. दुसरी गोष्ट प्राध्यापकवर्गाची. वसतिगृहात वाढलेलीच मुले शिकून परत आली आणि शिकवू लागली. पी. जी. पाटील रयतच्याच बोर्डिंगातून निघाले, विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले, या महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही. एन. डी. पाटील येथे प्राध्यापक होते आणि कमवा व शिका वसतिगृहाचे रेक्टरही होते. महाराष्ट्राने त्यांना पुढे शेतकरी कामगार पक्षाचे नेते म्हणून ओळखले.

महाविद्यालयाला वर्षही पुरे झाले नव्हते तोच संस्थेवर मोठे संकट आले. गांधीजींच्या हत्येनंतर भाऊरावांनी त्यांच्या नावाने 101 हायस्कूले काढण्याचा संकल्प सोडला होता. त्याच वर्षी सरकारवर टीका करणारे त्यांचे एक भाषण मुंबई सरकारच्या रोषास कारण झाले आणि संस्थेचे अनुदान थांबविण्यात आले. शेकडो शिक्षकांचे पगार, हजारो मुलांचे जेवण एका भाषणावर टांगले गेले. माफीची चार वाक्ये लिहिली असती तर प्रश्न मिटला असता, असे त्यांच्या हितचिंतकांनाही वाटले असेल. आम्हीही संस्थेच्या कारभारात काही वर्षे काढली आहेत. अनुदानाचा हप्ता उशिरा आला तर काय होते, ते आम्हांला चांगले माहीत आहे. म्हणून भाऊरावांचा हा हट्ट सरळ गौरवावा की त्यात मुलांच्या ताटाची जोखीम होती हेही म्हणावे, याचा निर्णय आमच्याने सहज होत नाही. त्यांनी माघार घेतली नाही, एवढे खरे. शिक्षकांनी अर्धपोटी राहून वर्ग चालू ठेवले, लोकांनी धान्य आणि पैसा दिला. अखेर गाडगेबाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांपाशी शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. 1954 साली कऱ्हाडला निघालेल्या महाविद्यालयास भाऊरावांनी सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले. ज्या संताने स्वतः कधी शाळेचे तोंड पाहिले नाही, त्याचे नाव महाविद्यालयाच्या कमानीवर कोरले गेले. 1955 साली साताऱ्यास आझाद शिक्षणशास्त्र महाविद्यालयही सुरू झाले.

1959 साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताब दिला. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने सन्मान्य डी. लिट. पदवी अर्पण केली. मॅट्रिकची परीक्षा त्यांच्या हातून कधी पार पडली नव्हती. त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी, 9 मे 1959 रोजी, पुण्यात त्यांचे देहावसान झाले. तेव्हा संस्थेची तीन महाविद्यालये, शंभरावर हायस्कूले आणि खेडोपाडीच्या कितीतरी प्राथमिक शाळा चालू होत्या. वसतिगृहांतून सायंकाळच्या पंगती नेहमीप्रमाणे बसत होत्या.

पुणे विद्यापीठाची कमवा व शिका योजना आज त्यांच्याच नावाने चालते. आमच्या शाळेतून बाहेर पडलेल्या काही मुलांनी महाविद्यालयात गेल्यावर या योजनेखाली ग्रंथालयात पुस्तके लावली, बागेत पाणी घातले, कार्यालयात नोंदी केल्या. महिनाअखेर हाती पडलेल्या पहिल्या रकमेतून त्यांच्यापैकी एकाने गावी मनीऑर्डर केली. त्याची पावती त्याच्या आईने अजून जपून ठेवली आहे.