द्राक्षाच्या मुलखाला नाव देणारे रिकासोली

गोरेगावची आरे कॉलनी 1949 साली वसली. मुंबईच्या दाट वस्तीतले म्हशींचे तबेले दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने इथे हलवले गेले, आणि बघता बघता जागेचे नाव दुधाला चिकटले. 'आरे' म्हटले की मुंबईकराला दूध आठवू लागले. गावाचे नाव मालाला लागले की भाव मिळतो. मात्र त्या नावाखाली नेमके काय भरायचे, हे पक्के ठरलेले हवे. द्राक्षाच्या बाबतीत हा धडा इटलीतल्या बेत्तिनो रिकासोली यांच्या आयुष्यातून घेण्याजोगा आहे.

रिकासोलींचा जन्म 9 मार्च 1809 रोजी फ्लॉरेन्स शहरात झाला. घराणे जुने, बॅरन ही पदवी, पण इस्टेट कर्जात रुतलेली. आईवडील लवकर गेले. ऐन तरुणपणी धाकट्या भावांचा आणि जमिनीचा भार अंगावर पडला. फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन शहरांमधल्या डोंगराळ मुलखाला कियांती म्हणतात. तिथल्या ब्रोलियोच्या गढीवर ते बायको-मुलीला घेऊन राहायला गेले. शहरात बसून शेती होत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. जमीन अर्धेलीने कसली जाई. कष्ट कुळाचे, पीक निम्मे-निम्मे. मालक म्हणून ते फार कडक. लोक त्यांना 'लोखंडी बॅरन' म्हणत.

त्या काळी कियांतीत काळी-पांढरी द्राक्षे एकत्र करून वाइन करायची रीत होती. कोणते वाण किती, याला धरबंध नव्हता. रिकासोलींनी फ्रान्समध्ये जाऊन तिथल्या बागा पाहिल्या. घरी येऊन एकेक वाण वेगळे करून वर्षानुवर्षे प्रयोग केले. 1872 साली त्यांनी पिसा विद्यापीठातल्या प्राध्यापक स्तुदियाती यांना पत्र लिहून निष्कर्ष कळवला. सांजोवेसे हे काळे द्राक्ष मुख्य. वास आणि जोर त्याचा. कनायोलो त्याचा कडकपणा मऊ करते. माल्वासिया हे पांढरे द्राक्ष वाइन हलकी करते, म्हणून ते रोजच्या पिण्याच्या मालात चालेल. मुरवत ठेवायच्या मालात नको.

ही कामे चालू असतानाच त्यांनी राजकारणही केलं. 1859 साली तोस्कानाचा राजा पळाला तेव्हा कारभार त्यांनी हाती घेतला आणि 1860 मध्ये प्रांत एकसंध इटलीच्या बाजूने नेला. पहिले पंतप्रधान काव्हूर 1861 मध्ये वारले, त्यांच्या जागी रिकासोली आले. 1866 मध्ये पुन्हा. गंमत अशी, की काव्हूरही द्राक्षवालेच. पिडमाँट प्रांतात, जिथे नेब्बिओलो द्राक्षापासून बरोलो वाइन होते, तिथल्या ग्रिंझाने गावचे ते 17 वर्षे सरपंच होते. रिकासोलींनी 23 ऑक्टोबर 1880 रोजी ब्रोलियोलाच देह ठेवला.

खरी गोष्ट पुढेच आहे. 1967 साली कियांतीचे सरकारी नियम झाले, त्यात 10 ते 30 टक्के पांढरे द्राक्ष सक्तीचे ठरले. मुरवायच्या मालात पांढरे नको, हा बॅरनचा इशारा बाजूला राहिला. वाइन पातळ झाली, नाव घसरलं. 1984 मध्ये हे प्रमाण खाली आणले. मुलखाच्या जुन्या गाभ्यात, म्हणजे कियांती क्लासिकोत, 2006 च्या हंगामापासून पांढऱ्याला बंदीच झाली. नाव सावरायला अशी चाळीस वर्षे गेली.

हेच सांजोवेसे आता सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या बाजूला फ्रातेली कंपनीने लावले आहे. नाशिक व्हॅली वाइन आणि सांगलीचा बेदाणा यांना भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण मानांकन हा शेवटी कागद. कोणता वाण, कोणती प्रत आणि काय मिसळायचे नाही, हे बागायतदारांनी, सोसायटीने आणि ग्रामपंचायतीने एकत्र बसून ठरवायला हवं. एकाने हलका माल भरला तर नाव साऱ्या गावाचं जातं.