विश्लेषण : वाऱ्याचा वेग कसा मोजतात? ॲना मणी यांनी त्यासाठी काय केले?

मे-जूनमध्ये हवामान खात्याचा इशारा येतो : जळगाव, धुळ्यात ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने वारे. मोबाइलच्या ॲपवर मात्र त्याच दिवशी वारा ताशी १५ किलोमीटर दिसतो. रावेर-यावलच्या केळी उत्पादकाने कोणता आकडा धरायचा? भारतातील हवामानाच्या नोंदी विश्वासार्ह करणाऱ्या ॲना मणी यांचे काम इथे समजून घ्यावे लागते.

दोन आकडे वेगळे का?

ॲपवरचा साधा वेग सरासरी असतो. वारा मोकळ्या जागी, जमिनीपासून १० मीटर उंचीवर मोजतात आणि १० मिनिटांची सरासरी काढतात. झोत म्हणजे त्या काळात सुमारे ३ सेकंद टिकलेला सर्वाधिक वेग. वळवाच्या ढगातून थंड हवा जोरात खाली येते आणि जमिनीवर आपटून चहूबाजूंना पसरते. त्यामुळे सरासरी कमी असूनही झोत मोठा असू शकतो.

वेग तिप्पट झाला की दाब नऊपट होतो. निसवलेली, घडाच्या ओझ्याने झुकलेली केळी अशा काही सेकंदांतच मोडते.

कोण होत्या ॲना मणी?

जन्म २३ ऑगस्ट १९१८, त्रावणकोर संस्थानातील पीरमेड येथे. भौतिकशास्त्र शिकून त्यांनी बंगळूरुला सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली हिरे आणि माणकांवर संशोधन केले. १९४५ मध्ये प्रबंध सादर केला, पण पदव्युत्तर पदवी नसल्याचे कारण देऊन मद्रास विद्यापीठाने डॉक्टरेट नाकारली. त्याच वर्षी त्या इंग्लंडला गेल्या. इच्छा भौतिकशास्त्राची होती, शिष्यवृत्ती मात्र हवामान उपकरणांसाठी मिळाली. त्यातूनच पुढची दिशा ठरली.

पुण्यात काय घडले?

१९४८ मध्ये त्या पुण्यात हवामान खात्याच्या उपकरण विभागात रुजू झाल्या. तेव्हा साधी उपकरणेही परदेशातून येत. मणी यांनी सुमारे १०० उपकरणांचे प्रमाणित आराखडे तयार करून ती देशात बनवण्याची घडी बसवली. १९५३ मध्ये १२१ पुरुष कर्मचाऱ्यांच्या विभागाच्या त्या प्रमुख झाल्या. चुकीच्या नोंदीपेक्षा नोंद नसलेली बरी, असा त्यांचा आग्रह असे.

१९७६ मध्ये उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्यावर त्या वाऱ्याच्या मोजणीकडे वळल्या. १९८३ मध्ये भारतातील पवनऊर्जेच्या आकडेवारीचा ग्रंथ आला. पुढे शेकडो ठिकाणी वारा मोजण्याच्या देशव्यापी कामाचे त्यांनी नेतृत्व केले. १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले.

खान्देशाशी संबंध काय?

साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल परिसरात पवनचक्क्या फिरतात. अशी जागा निवडण्याआधी दीर्घकाळ वारा मोजावाच लागतो, कारण वेग दुप्पट झाला की वाऱ्यातील ऊर्जा आठपट होते. वेगाच्या मोजणीतली छोटी चूकही म्हणूनच महागात पडते.

केळीच्या हवामान आधारित विम्यातही वाऱ्याने ठरावीक मर्यादा ओलांडली का, हे हवामान केंद्राची नोंद पाहून ठरते. केंद्राभोवती झाडे वाढली, वायुवेगमापकाच्या फिरत्या वाट्या धुळीने जड झाल्या, तर नोंद कमी येते. मग बाग आडवी झालेली असते आणि कागदावर वारा साधाच असतो. उपकरण आणि त्याची जागा यांवर मणी यांनी दिलेला भर इथे थेट पैशांत दिसतो.

वाचकांनी काय पाहावे?

ॲपमध्ये सरासरी वेगासोबत झोताचा आकडा दिला असेल तर तोही पाहा. गावाचे नाव दिसले तरी अंदाज काही किलोमीटरच्या पट्ट्याचा असतो. एका शिवारातला झोत आदल्या दिवशी नेमका सांगता येत नाही. म्हणून विजांसह वादळी वाऱ्याचा इशारा असेल तर ॲपवरची सरासरी कमी दिसली तरी निर्धास्त राहू नका. झाडांना टेकू आधीच द्या.