निकोल अलेक्झांडर डॅल्झेल

निकोल अलेक्झांडर डॅल्झेल (जन्म : २१ एप्रिल १८१७, एडिंबरो) हे कोकण व सह्याद्रीतील अनेक वनस्पतींना शास्त्रीय नावे देणारे स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ होते. एडिंबरो विद्यापीठातून एम.ए. झाल्यावर ते १८४१ मध्ये मुंबईत जकात खात्यात रुजू झाले. नोकरी सांभाळून त्यांनी वनस्पती गोळा केल्या आणि १८५० पासून हूकर यांच्या नियतकालिकात नव्या जातींची वर्णने प्रसिद्ध केली. अलेक्झांडर गिब्सन यांच्यासह लिहिलेला 'बॉम्बे फ्लोरा' हा ग्रंथ १८६१ मध्ये भायखळ्याला छापला गेला. गिब्सन यांच्यानंतर ते मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. १८७० मध्ये निवृत्त झाले.

शास्त्रीय नावांतील स्थान

वनस्पतीचे द्विनाम तिरप्या अक्षरांत छापतात. रोमन लिपीत प्रजातीचे आद्याक्षर मोठे व जातिवाचक शब्दाचे लहान असते. त्यापुढे नाव देणाऱ्याचा उल्लेख सरळ अक्षरांत येतो. देवनागरीत लहानमोठी अक्षरे नसल्याने मराठी पुस्तकांत हा भेद बराचसा पुसला जातो. जाती पुढे दुसऱ्या प्रजातीत हलवली, तर मूळ लेखक कंसात जातो व बदल करणारा कंसाबाहेर येतो.

डॅल्झेल यांनी १८५० मध्ये वर्णिलेली 'हेराक्लियम कोंकानेन्से' ही वनस्पती १९८६ मध्ये पिंडा या नव्या प्रजातीत गेली. आता ती 'पिंडा कोंकानेन्सिस (डॅल्झेल) मुखर्जी व कॉन्स्टन्स' अशी लिहितात. पिंडा हा देशी शब्द आहे, हे विशेष.

शिंदळ माकुडीच्या बाबतीत मात्र त्यांना कंसही लाभला नाही. जुन्नर भागातील कड्यांवर वाढणाऱ्या या दुर्मीळ मांसल वनस्पतीला त्यांनी तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून 'फ्रेरिया इंडिका' हे नाव दिले होते. १९५८ मध्ये रौली यांनी ती कॅरालुमा प्रजातीत नेली. तेथे 'इंडिका' हा शब्द आधीच दुसऱ्या जातीला दिलेला होता आणि एका प्रजातीत एकच जातिनाम दोघींना चालत नाही. म्हणून 'फ्रेरी' हे नवे नाव आले. पुढे ती बुसेरोसिया प्रजातीत गेली, तेव्हा कंसात रौली राहिले. परिणामी गव्हर्नरांचे नाव टिकले, वनस्पती ओळखणाऱ्याचे गळाले. महाराष्ट्रातील अनेक अभ्यासक आजही तिला फ्रेरियाच म्हणतात.

रॉबर्ट वाइट यांनी पाण्यातील खडकांवर वाढणाऱ्या एका प्रजातीला डॅल्झेलिया हे नाव दिले. ते अद्याप प्रचारात आहे.