रेव्हरंड नारायण वामन टिळक

आपल्या ज्ञातीत जन्म घेऊन ज्यांनी महाराष्ट्रात कीर्ती मिळविली, अशा एका तरी पुरुषाचे चरित्र स्मरणिकेत द्यावे, असा परिपाठ आहे. यंदा आम्ही ज्यांचे चरित्र लिहावयास घेतले आहे, त्यांस ज्ञातीने त्यांच्या हयातीतच पंक्तीवरून उठविले होते. टिळकांच्या कवितेचे कौतुक करावे, मुलांकडून ती पाठ करून घ्यावी, आणि धर्मांतराचा विषय निघाला की बोलणे दुसरीकडे वळवावे, अशी आपल्या घरांतून पुष्कळ काळ रीत होती. त्यामुळे त्या कवितेतील प्रसन्नता त्यांस कोठून लाभली, हे सांगावयाचे राहूनच गेले. ते सांगावे, एवढ्याच हेतूने हे चार शब्द.

नारायणरावांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. लोकमान्यांहून ते पाच वर्षांनी लहान. वडील अत्यंत करड्या स्वभावाचे. आई लहानपणीच गेली. पोरकेपणाच्या त्या दुःखात घर सुटले आणि मुलगा नाशिकास आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्या चरणांशी बसून त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. 1880 साली नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिकेशी त्यांचा विवाह झाला. याच पुढे मराठी वाचकांस वंदनीय झालेल्या लक्ष्मीबाई टिळक.

पुढची बारा-तेरा वर्षे म्हणजे नुसती भटकंती. आज शिक्षक, उद्या कीर्तनकार, परवा ग्रंथलेखक. नोकरी धरावी, कोणाशी तरी खटका उडावा आणि बिऱ्हाड हलवावे, असा क्रम चालला होता. पैसा हाती टिकत नसे. समोर गरजू दिसला की खिसा रिकामा होई आणि घरी चूल पेटण्याची पंचाईत पडे. राग तर असा, की त्याची झळ बाईंना पदोपदी लागे. थोर पुरुषाचे दोष झाकावेत, असे काही वाचकांस वाटेल; परंतु ज्यांच्या सहधर्मचारिणीने ते स्वतःच मोकळ्या मनाने लिहून ठेवले, त्यांचे आम्ही काय झाकावे? नागपुरास श्रीमंत बुटी यांच्या आश्रयाने त्यांचे संस्कृत ग्रंथांचे काम चालले, ‘ऋषि’ नावाचे मासिकही त्यांनी चालविले. विद्वान म्हणून नाव झाले, पण अंतःकरणास स्वस्थता नव्हती. ज्यात जातिभेद नाही, ज्यात मूर्तीचे अवडंबर नाही, असा एखादा नवा धर्म आपणच स्थापावा, इतपत त्यांचे विचार गेले होते.

अशा मनःस्थितीत 1893 साली ते आगगाडीने राजनांदगावास, म्हणजे आज छत्तीसगडात असलेल्या त्या संस्थानात, निघाले होते. डब्यात एक युरोपीय गृहस्थ होते. त्यांच्याशी काव्यावर आणि धर्मावर बोलणे झाले. उतरताना त्या गृहस्थांनी त्यांच्या हाती नवा करार ठेवला आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना ते हास्यास्पद वाटले. तरी पुस्तक वाचण्याचा शब्द दिला होता, म्हणून खुणा करीत, शंका टिपीत ते वाचू लागले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाशी आले आणि तेथून पुढे पुस्तक खाली ठेववेना. ज्या प्रश्नांनी त्यांस इतकी वर्षे छळले, त्यांची उत्तरे तेथे प्रेमाच्या भाषेत मिळाली. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इकडे घरावर आकाश कोसळले. लक्ष्मीबाई शोकाने भ्रमिष्टासारख्या झाल्या. कुंकू आहे आणि पती असून नाही, अशी ती दशा. लहानग्या दत्तूस पोटाशी धरून त्या पंढरपुरास बहिणीच्या घरी राहिल्या. चार वर्षांहून अधिक काळ हा विरह चालला. टिळकांच्या नव्या आनंदाची किंमत प्रथम बाईंनी मोजली, हे आम्हांस नमूद केलेच पाहिजे. परंतु पत्रे थांबली नाहीत. टिळकांनी बळजोरी केली नाही आणि दुसरा संसारही मांडला नाही. अखेर बाई अहमदनगरास, आजच्या अहिल्यानगरास, त्यांच्याकडे गेल्या. आरंभी सोवळे-ओवळे कडक, स्वयंपाक निराळा, पाणी निराळे. मग सारी माणसे एकाच देवाची, ही जाणीव त्यांच्या मनात आपोआप उजाडली, आणि कोणाच्याही हातचे पाणी त्या पिऊ लागल्या. 1900 साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला.

नगरास डॉक्टर ह्यूम यांच्याबरोबर टिळकांनी धर्मशिक्षणाचे कार्य केले. 1904 साली त्यांस पाळकाची दीक्षा मिळाली. त्या मंडळ्यांतील पुष्कळ लोक गावकुसाबाहेरचे, दुष्काळाने आणि तिरस्काराने पिचलेले. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांची रचना सोडली, तर उपासनेत गाणी बहुतेक इंग्रजीवरून भाषांतरलेली, चालीही परक्या. तोंडाने म्हटली तरी हृदयास भिडत नसत. टिळकांनी त्यांच्या हाती अभंग, ओवी आणि भजन दिले, टाळ-मृदंगासह कीर्तन उभे केले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत, आणि हे उपकार त्यांनी कधी लपविले नाहीत. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त हा गुरू आहे, सखा आहे, माउली आहे. ज्यास जगाने दूर लोटले, त्याने त्या माउलीच्या कुशीत निर्भय व्हावे, हाच त्या गीतांचा भाव. ‘उपासना संगीत’ या पुस्तकात त्यांची दोनशेहून अधिक गीते आहेत. ती म्हणताना शेतमजुराच्या घरातही धीर येई, याहून कवीचे मोठे यश ते कोणते?

मराठी कवितेत तर ते फुलामुलांचे कवी म्हणून मान्य झाले. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी, यांस टिळकांनी स्वतःच्या घरी पुत्रवत् ठेवून घेतले. ठोंबरे अखेरपर्यंत हिंदूच राहिले, यावरून त्या घरातील मोकळीक ध्यानी यावी. 1912 पासून ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी विभागाचे संपादन त्यांनी मृत्यूपर्यंत केले.

1917 साली, पंचावन्न वर्षांच्या वयात, त्यांनी मिशनची नोकरी सोडून संन्यास घेतला. ख्रिस्ताला मानणारे, मग त्यांनी बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, सर्व एका ठिकाणी यावेत, म्हणून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला आणि साताऱ्यास वास्तव्य केले. तरुणपणी बिऱ्हाडे हलविणारा आणि या वयात घर सोडणारा मनुष्य एकच. पण पहिल्या वेळी जिवाची तगमग होती, या वेळी मन भरलेले होते. दरबार वाढीस लावण्यास मात्र आयुष्य पुरले नाही. 9 मे 1919 रोजी मुंबईस त्यांनी देह ठेवला.

ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करावे म्हणून त्यांनी ‘ख्रिस्तायन’ आरंभिले होते. त्यांच्या हातून दहा-अकरा अध्याय झाले. ज्या बाईंनी एकदा त्यांच्या धर्मांतरापायी डोळ्यांतील पाणी आटविले, त्याच लक्ष्मीबाईंनी, शाळेचे तोंड न पाहिलेल्या त्या माउलीने, पुढील साठांहून अधिक अध्याय लिहिले.