चीनच्या मातीतले सोलापूरकर : डॉ. द्वारकानाथ कोटणीस

सोलापूर जिल्हा म्हटले की चादरी, मालदांडी ज्वारी, सिद्धरामेश्वरांची यात्रा आणि पंढरीची वारी डोळ्यांपुढे येते. उत्तर चीनमधील हेपेई प्रांतात मात्र आपल्या या जिल्ह्याची ओळख एका माणसाच्या नावाने आहे. तेथे ते के दिहुआ या नावाने ओळखले जातात. आपल्यासाठी ते डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

द्वारकानाथांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. कुटुंब मध्यमवर्गीय आणि भावंडे पुष्कळ. मुलाला डॉक्टर करणे म्हणजे त्या काळी साऱ्या घराने पोटाला चिमटा घेणे होते. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात शिकून १९३६ साली ते डॉक्टर झाले. पुढील उच्च शिक्षणाची तयारी सुरू होती. घराला आता या मुलाचा हातभार लागणार, अशी आशा आई-वडिलांनी बाळगली असेल तर त्यात नवल नाही.

याच सुमारास पूर्वेकडे वणवा पेटला होता. जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चिनी सैन्यापाशी जखमींना पुरतील इतके शल्यविशारद नव्हते, औषधे तर त्याहून कमी होती. आठव्या रूट आर्मीचे सेनापती चू-तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. १९३८ साली सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी देशाला आवाहन केले, चीनसाठी निधी जमला आणि पाच डॉक्टरांचे पथक निवडले गेले. अलाहाबादचे डॉ. मदन अटल पथकाचे प्रमुख होते. नागपूरचे वयोवृद्ध डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू व डॉ. देवेश मुखर्जी आणि मुंबईहून डॉ. कोटणीस, असे बाकीचे चौघे. जो देश स्वतः परक्याच्या अंमलाखाली होता, त्याने दुसऱ्या पीडित देशासाठी आपले डॉक्टर पाठवले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

१ सप्टेंबर १९३८ रोजी पथकाने मुंबई सोडली. ते कँटनला उतरले, तेथून हँकोला गेले. त्यानंतर ऑक्टोबर महिन्यातच ही दोन्ही शहरे जपान्यांच्या हाती पडली. माघार घेणाऱ्या सैन्याबरोबर आणि निर्वासितांच्या लोंढ्याबरोबर हे डॉक्टर चुंगकिंगपर्यंत पोहोचले. येथेच पाचही जणांनी चिनी नावे घेतली. प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी हुआ हे अक्षर जोडले गेले. हुआ म्हणजे चीन. कोटणिसांचे के दिहुआ झाले ते असे.

येनानच्या वाटेवर निघण्याच्या सुमारास त्यांच्या हाती घरून बातमी आली, वडील गेले. त्या क्षणी परत फिरले असते तर कोणी बोल लावला नसता. सोबत्यांनीही त्यांना घरी जाण्याविषयी सुचवले. मागे आई होती, भावंडे होती आणि संसाराची घडी बेताची होती. कोटणिसांनी दुःख गिळले आणि पथकाबरोबर पुढचा रस्ता धरला. चरित्र सांगताना आपण हा प्रसंग त्यागाचा म्हणून झटकन सांगून मोकळे होतो. पण या त्यागाची किंमत एकट्या कोटणिसांनी दिलेली नाही. ती सोलापुरातल्या घरानेही दिली, आणि त्या घराला कोणी पदक दिले नाही. थोर माणसाच्या चरित्रात त्याच्या आईच्या वाट पाहण्यालाही जागा असली पाहिजे.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. तेथे माओ त्से-तुंग यांनी त्यांचे स्वागत केले. रुग्णालये होती ती पिवळ्या मातीच्या डोंगरात खोदलेल्या गुहांत. पुढे मुखर्जी आजारपणामुळे आणि चोळकर वयोमानामुळे मायदेशी परतले, काही काळाने अटलही परतले. उरले बसू आणि कोटणीस. १९४० साली हे दोघे शत्रूच्या वेढ्यातील आघाडीवरच्या प्रदेशात गेले. काही महिन्यांनी बसूंना येनानला बोलावणे आले. कोटणीस त्या डोंगराळ मुलखातच राहिले.

हा मुलूख कॅनडाचे विख्यात शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथ्यून यांची कर्मभूमी. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन बेथ्यून नोव्हेंबर १९३९ मध्ये वारले होते. त्यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे संचालकपद जानेवारी १९४१ मध्ये कोटणिसांकडे आले. रुग्णालय म्हणजे मोठी इमारत, स्वच्छ खाटा, झगझगीत दिवे असे चित्र येथे उपयोगाचे नाही. शत्रू जवळ आला की रुग्ण, हत्यारे आणि औषधे घेऊन दुसऱ्या खेड्यात जायचे, आणि मिळेल त्या घरात शस्त्रक्रियेचे टेबल मांडायचे. १९४० मधील एका लढाईत त्यांनी सलग तीन दिवस आणि तीन रात्री न झोपता शस्त्रक्रिया केल्या. त्या लढाईत आठशेहून अधिक जखमी त्यांच्या पथकाकडे आले होते.

त्यांचे शौर्य सर्वांना ठाऊक असते. कला शाखेच्या विद्यार्थ्याने लक्ष द्यावे असे त्यांचे दुसरे कार्य मात्र मागे पडते. ते म्हणजे त्यांनी आत्मसात केलेली चिनी भाषा. दुभाष्यावर विसंबून जखमीची वेदना कळत नाही, हे त्यांनी ओळखले. ते चिनी बोलू लागले, लिहू-वाचू लागले आणि वैद्यकीय विद्यालयात चिनी मुलांना त्यांच्याच भाषेत शिकवू लागले. शस्त्रक्रियेवर त्यांनी त्या मुलांसाठी पाठ्यपुस्तक लिहिले, दुसरे लिहायला घेतले. आपण एकटे किती जखमींना पुरणार, हा हिशोब त्यांनी केला असावा. एक डॉक्टर शंभरांना वाचवील, पण त्याने घडवलेले पन्नास डॉक्टर हजारोंना वाचवतील. परक्या मुलखात जाऊन उपकार करणारे पुष्कळ असतात. आपल्यामागे काम अडू नये, अशी तजवीज करणारे थोडे.

येथेच त्यांच्या आयुष्यात क्वो छिंगलान आली. ती तेथे परिचारिकांना शिकवीत असे. नोव्हेंबर १९४१ मध्ये दोघांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ, म्हणजे एकाच नावात भारत आणि चीन.

या सुखाला मात्र दृष्ट लागली होती. अपुरे अन्न, अपुरी झोप आणि अविरत श्रम यांत कोटणिसांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. उपचारासाठी अन्यत्र जाण्याचा मार्ग त्यांना सुचवण्यात आला. परतीची वाट दुसऱ्यांदा समोर आली होती. ते हलले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी तीव्र झटके येऊन त्यांचा अंत झाला. वय अवघे ३२. मूल साडेतीन महिन्यांचे होते, दुसरे पुस्तक अपुरे होते. गावकऱ्यांनी आणि सैनिकांनी त्यांना तेथल्याच मातीत निरोप दिला. पुढे शिजियाझुआंग शहरातील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. बेथ्यून यांची समाधीही तेथेच आहे.

ख्वाजा अहमद अब्बास यांनी ही कहाणी पुस्तकरूपाने सांगितली आणि १९४६ साली व्ही. शांताराम यांनी डॉ. कोटणीस की अमर कहानी या चित्रपटातून ती घरोघर पोहोचवली. पण चित्रपट संपला तरी आयुष्य संपत नाही. यिनहुआ वैद्यकीय शिक्षण घेत होता. तोही १९६७ साली ऐन पंचविशीत गेला. छिंगलान मात्र दीर्घायुषी झाल्या. त्या अनेकदा भारतात आल्या, सासरच्या माणसांना भेटल्या. २०१२ साली त्यांचे निधन झाले.

मध्यंतरी १९६२ चे युद्ध झाले. दोन्ही देशांत कटुता आली आणि सीमेचा प्रश्न आजही सुटलेला नाही. मग कोटणिसांचे बलिदान वाया गेले का? ज्या जखमी सैनिकाचा पाय त्यांनी वाचवला, त्याच्या लेखी या प्रश्नाला अर्थ नाही. राष्ट्रांची मैत्री करारांवर उभी असते आणि करार मोडतात. टेबलावरच्या माणसाशी डॉक्टरने केलेला करार कोटणिसांनी अखेरपर्यंत मोडला नाही, आणि म्हणूनच कटुतेच्या वर्षांनंतरही भारतात आलेले चिनी नेते कोटणीस कुटुंबीयांना आवर्जून भेटत राहिले.

सोलापुरात भय्या चौकाजवळ त्यांचे जन्मघर आहे. महानगरपालिकेने तेथे स्मारक उभारले आहे. सांगोल्याहून मंगळवेढ्यामार्गे एस.टी.ने सोलापूरला आपण कितीतरी कामांसाठी जातो, कधी कोर्टात, कधी दवाखान्यात, कधी बाजाराला. एखाद्या फेरीत तासभर काढून हे घर पाहून यावे. त्या घरातून निघालेला २७ वर्षांचा तरुण आपल्याच जिल्ह्याची मराठी बोलत वाढला होता. हजारो मैलांवरच्या खेड्यातली माणसे त्याने त्यांची भाषा शिकून आपली केली. आपल्या दुष्काळी तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर आजही शिक्षक हवे आहेत, परिचारिका हव्या आहेत, डॉक्टर हवे आहेत, आणि तेथे जायला परकी भाषाही शिकावी लागत नाही.